पकडले जाण्याची सोय

चष्मा ही एके काळी जाहीर बाब होती. नाकावर काय बसलं आहे यावरून माणसाचं निम्मं चरित्र वाचता यायचं. सोडावॉटरच्या बाटलीचा बूड कापून बसवल्यासारखी भिंगं दिसली, की या गृहस्थांनी लहानपणी कंदिलापाशी बसून खूप अभ्यास केला आहे आणि पुढे त्या अभ्यासाचं काही झालेलं नाही, हे उघड होई. काचेच्या मधोमध आडवी रेघ दिसली की चाळिशी उलटली. दांडीला दोरा गुंडाळलेला असला की मुलं कॉलेजात आहेत आणि बापाच्या चष्म्याचा नंबर अजून लागलेला नाही. आणि कचेरीत कोणी साहेब चष्म्याच्या वरून बघायला लागले, की आपला अर्ज नामंजूर झाला हे त्यांनी तो वाचण्याआधीच समजायचं. सांगायचा मुद्दा हा, की चष्मा घालणारा जसा बघत असे तसा तो बघितलाही जात असे. व्यवहार रोखीचा होता.

हा व्यवहार आता उधारीवर जाणार, अशी लक्षणं दिसू लागली आहेत.

माझी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत झाली. एका रासायनिक कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून मी एकतीस वर्षं गॅस्केट, व्हॉल्व्ह आणि सेफ्टी गॉगल मोजले. एमआयडीसीत प्रत्येकाच्या तोंडापुढे काहीतरी असतं. वेल्डरच्या तोंडापुढे काळी काच बसवलेली ढाल, ॲसिडकडे जाणाऱ्याच्या तोंडापुढे पारदर्शक पडदा, ग्राइंडरवाल्याच्या डोळ्यांवर गॉगल आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावर गांभीर्य. याचा मोठा फायदा असा, की कोण काय करतो आहे हे लांबून कळतं. वेल्डरने ढाल तोंडावर ओढली की आजूबाजूचे लोक आपोआप मान फिरवतात. त्याला ओरडून सांगावं लागत नाही. त्याची ढाल त्याचे डोळे वाचवते आणि इतरांचेही.

माझा पुतण्या आनंदनगरच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. खंडेनवमीला त्यांच्याकडे यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांनाही बोलावतात. गेलो. बॉयलरला माळ, पंपाला माळ, लेथला हळदकुंकू, आणि एका टेबलावर पाटावर ठेवलेली, मोटरसायलीच्या हेल्मेटला जुळा चष्मा चिकटवल्यासारखी एक वस्तू. तिलाही झेंडूचं फूल. हा नवा हेडसेट म्हणे कंपनीने चाचणीसाठी आणला होता. पुतण्याने फूल बाजूला केलं आणि तो प्रकार माझ्या डोक्यावर चढवला.

समोर तोच पंप होता. पण आता त्याच्या डोक्यावर हवेत अक्षरं तरंगत होती. पंपाचं नाव, शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख, आणि एका व्हॉल्व्हकडे बोट दाखवणारा हिरवा बाण. पंपाच्या गळ्यातली माळ खरी आणि बाण खोटा, पण दोन्ही त्याला सारखेच शोभत होते. मी थोडा बाजूला सरकलो, तरी बाण व्हॉल्व्हला धरून होता. खाली गॅस्केटचा नंबरसुद्धा लिहिलेला. हा नंबर शोधण्यासाठी मी एकतीस वर्षं बिनकार्डांच्या धुळीत शिंकलो होतो. मला भरून आलं. पुतण्याला वाटलं हेडसेट जड झाला.

"हे दिसतं कसं?" मी विचारलं.

त्याने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. डोळ्याला फार जवळचं वाचता येत नाही. साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा पुस्तक जवळ आणलं की अक्षरांचा चिखल होतो. चाळिशीनंतर हे अंतर वाढत जातं आणि एक दिवस पेपर वाचायला हात आखूड पडतात. मग डोळ्यापासून दोन बोटांवर असलेल्या काचेतली अक्षरं वाचता येतात कशी? युक्ती अशी. नखाएवढ्या एका पडद्यावर चित्र उमटवायचं आणि त्याचा प्रकाश भिंगांतून असा काढायचा, की डोळ्यात शिरताना किरण जवळजवळ समांतर असावेत. समांतर किरण म्हणजे लांबून आलेले, अशी डोळ्याची जन्मापासूनची समजूत. तो बिचारा फसतो आणि चित्र समोर लांब हवेत आहे असं धरून चालतो.

पण पडदा आणि भिंगं डोळ्यांपुढेच टांगली, तर पलीकडचं जग दिसणार कसं? म्हणून नव्या चष्म्यांत ती दांडीपाशी दडवतात आणि चित्र काचेच्या पोटातून डोळ्यापुढे आणतात. काचेत प्रकाश पुरेसा तिरका शिरला की त्याला बाहेर पडता येत नाही. या बाजूवरून त्या बाजूवर आपटत तो आतल्या आत पुढे सरकत राहतो. शाळेत याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणत आणि ते मार्कांपुरतं समजत असे. संध्याकाळच्या बदलापूर लोकलने प्रवास केलेल्याला मात्र व्याख्येची गरज नाही. दादरला आत लोटला गेलेला माणूस मुलुंडला उतरायचं म्हणाला तर उतरू शकत नाही. तो या दारावरून त्या दारावर आदळत पुढेच जातो. चष्म्याच्या काचेत डोळ्यासमोर नेमक्या जागी अतिसूक्ष्म रेघा कोरलेल्या असतात किंवा बारीक अर्धे आरसे तिरके बसवलेले असतात. ते म्हणजे अंबरनाथ स्टेशन. तिथे थोडा थोडा प्रकाश बाहेर ढकलला जातो आणि डोळ्यात उतरतो.

आता कुठल्याही स्टेशनात काही उतारू फलाट सोडून उलट्या बाजूला, रुळांवर उड्या टाकतातच. तसा थोडा प्रकाश डोळ्याकडे न येता बाहेरच्या बाजूला निसटतो आणि समोरच्या माणसाला घालणाऱ्याच्या डोळ्यापाशी एक चमक दिसते. हे उलटे उतारू लक्षात ठेवा. त्यांची साक्ष पुढे काढायची आहे.

या यंत्राचा इतिहास म्हणजे वजन उतरवण्याचा इतिहास. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी असलं पहिलं यंत्र केलं, तेव्हा ते डोक्याला पेलेना म्हणून छताला टांगलं होतं. डोक्यावर टांगत्या तलवारीची ग्रीक गोष्ट आहे, तिचं नाव त्याला पडलं. २०१९ सालचा मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ छतावरून डोक्यावर उतरला, पण ५६६ ग्रॅम भरला. म्हणजे अर्धा किलो वांगी आणि वर कोथिंबीर. २०२० साली रिलायन्सने दाखवलेला जिओ ग्लास ७५ ग्रॅमचा होता. २०२५ च्या सप्टेंबरात मेटा कंपनीने रे-बॅनच्या नावाने जो पडदेवाला चष्मा जाहीर केला, तो ६९ ग्रॅमचा. चित्र फक्त उजव्या काचेत, आणि तेही २० अंशांच्या खिडकीत. हात लांब करून पंजा फाकवला तर जेवढी जागा झाकली जाते, साधारण तेवढी. छतापासून नाकापर्यंत यायला सत्तावन्न वर्षं लागली. किमतीची काळजी करू नका, असं पुतण्याचं मत. शेजारी उल्हासनगर आहे. 'मेड इन यूएसए' याचा अर्थ आमच्याकडे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असाच लावतात, आणि १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचं शहर करून दाखवणाऱ्यांना एका चष्म्याचं काय कौतुक?

"अजून थोडी वर्षं थांबा काका," तो म्हणाला. "साधा चष्मा कोणता आणि हा कोणता, फरक कळणार नाही. समोरच्याला पत्ताही लागणार नाही!"

"पण त्याला पत्ता का लागू नये?" मी विचारलं.

पुतण्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चहात साखर का घालतात असं विचारलं. वजन कमी करायचं ते घालणाऱ्याच्या नाकासाठी, हे मला पटत होतं. पण नाकावरून उतरवलेलं ओझं जातं कुठे? माझ्या स्टोअरमध्ये एका रॅकवरची वस्तू कमी झाली की ती दुसरीकडे कुठेतरी जमा दिसायची. इथे ती समोर बसलेल्या माणसाच्या नावावर जमा होते, असा मला संशय आहे. हा माझ्याकडे बघतो आहे की माझ्या कपाळावर शेअरचे भाव वाचतो आहे, हा विचार आता त्याने वागवायचा.

आमच्या लहानपणी फोटोग्राफर तीन पायांचं लाकडी खोकं मांडून काळ्या कापडात डोकं खुपसायचा. तेवढ्या वेळात माणसं भांग पाडत, पोट आत घेत, रुसलेले काका बाजूला होत. यंत्र मोठं होतं म्हणून तयारीला आणि नकाराला सवड होती. मोबाइलवरही लोक उगाच तुटून पडतात. डब्यात चौथ्या सीटवर मान खाली घालून बसलेला माणूस मला प्रामाणिक वाटतो. माझं तुमच्याकडे लक्ष नाही, हे तो मानेने जाहीर करत असतो. २०१३ साली गूगलने चष्मा आणला, १५०० डॉलरचा. त्याचं भिंग उजव्या डोळ्यावर चांगलं ठसठशीत दिसायचं. अमेरिकेत काही हॉटेलांनी 'हा काढून आत या' असं सांगितलं, घालणाऱ्यांना वाईट टोपणनावं पडली आणि २०१५ च्या जानेवारीत त्याची सामान्य गिऱ्हाइकांसाठीची विक्री थांबली. दिसत होता म्हणून लोकांना त्याच्याशी भांडता तरी आलं. २०२४ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी साध्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या चष्म्याला चेहरा शोधणारी यंत्रणा जोडली आणि रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसांची नावं सापडतात हे करून दाखवलं. हेतू सावध करण्याचा होता. त्यांनी ती यंत्रणा कोणाला दिली नाही. पण अनोळखी माणसाला आपलं नाव ऐकू आलं, तेव्हा त्यात भांडण्याजोगं काही दिसत नव्हतं, ही गोष्ट उरतेच.

हे सगळं मी घरी सौभाग्यवतींना सविस्तर सांगितलं. त्या मटार सोलत होत्या.

"चाळीस वर्षं तुम्ही माझ्याकडे बघत दुसराच पिक्चर बघताय," त्या म्हणाल्या. "त्याला कुठली काच लागली?"

हा आरोप मी स्वीकारला असं नव्हे, पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तो बिनतोड होता. समोर एक आणि डोळ्यापुढे एक, हे मिश्र वास्तव माणूस डोक्यात जन्मापासून घेऊन येतो. कीर्तनात बसून घरच्या दुधाचा विचार करणाऱ्याला ६९ ग्रॅमची गरज नाही. मग या चष्म्याने नवं असं काय केलं?

"तुला कळतं कसं पण?" मी विचारलं.

"त्यात काय? डावी भुवई वर जाते, आणि तुम्ही एका गोष्टीला दोनदा 'हं' म्हणता."

इथे मला उत्तर सापडलं. मन भटकतं तेव्हा ते चेहऱ्यावर पावती फाडतं. ती पावती वाचणारं माणूस घरात असतं, म्हणून संसार चालतो. आपण एकमेकांशी खरं बोलतो ते सगळे हरिश्चंद्राचे वंशज आहोत म्हणून नव्हे. आपण पकडले जाऊ शकतो, ही एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. कान लाल होतात, नजर चुकते, भुवई वर जाते. ही सोय आपली नाही, समोरच्याची आहे. चष्मा बारीक होत होत दिसेनासा झाला, की आपण आपल्या नाकाचा भार हलका करताना ही समोरच्याची सोय न विचारता काढून घेतो. चोरी म्हणावी इतकी ती मोठी नसेल. पण स्टोअरकीपरने नोंद केल्याशिवाय सोडावी इतकी किरकोळही नाही.

आता उलट्या उतारूंची साक्ष. काचेतून बाहेर निसटणारा तो प्रकाश समोरच्याला सांगतो, 'बाबा रे, आत्ता आत काहीतरी चालू आहे.' या साऱ्या कारभारात समोरच्याची बाजू घेणारा तो एकटाच. आणि इंजिनिअर मंडळींच्या लेखी हा दोष आहे! तो कमी कमी करत नेण्यात मोठी बुद्धी खर्च होते. त्यांचंही अगदी चुकत नाही. प्रकाश वाया जातो, बॅटरी उतरते, आणि डोळे मांजरासारखे चमकावेत असं कोणाला वाटेल? तरी त्यांच्यातच काहींना समोरच्याची आठवण राहिलेली दिसते. कॅमेरावाल्या चष्म्यांत चित्रण चालू असताना एक बारीक दिवा बाहेरून दिसेल असा ठेवतात. ॲपलने २०२४ साली विक्रीला आणलेला, सहाशे ग्रॅमच्या वर भरणारा हेडसेट तर बाहेरच्या बाजूला वेगळा पडदा लावून घालणाऱ्याच्या डोळ्यांचं चित्र दाखवतो. डोळे झाकायचे आणि त्यांची तसबीर बाहेर टांगायची, हे थोडं विचित्रच. पण समोर माणूस आहे हे त्यांच्या ध्यानात होतं, एवढं पुण्य त्यांच्या पदरात घालायला हरकत नाही.

आमच्या गावाला तर या विषयावर बोलण्याचा जुना अधिकार आहे. वालधुनीच्या काठावर शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. एमआयडीसीत कामाला लागलेला माणूस पहिल्या सोमवारी तिथे जातो. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं, की ज्याच्याकडे मूळचा तिसरा डोळा आहे त्याच्यासमोर आपण उभे असतो. ठाण्यात २०१४ साली सुरू झालेल्या, असले हेडसेट करणाऱ्या एका कंपनीनेही आपलं नाव अज्नालेन्स ठेवलं आहे. दोन भुवयांच्या मधलं आज्ञाचक्र ते हेच. नाव उत्तम आहे. पण मूळ तिसऱ्या डोळ्याचा एक नियम होता. तो उघडला की समोरच्याला कळायचं. मदनाची राख झाली खरी, परंतु आपल्याकडे बघितलं गेलं की नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नसणार. गुपचूप उघडणाऱ्या तिसऱ्या डोळ्याचं पुराण मी तरी ऐकलेलं नाही.

यावरून मी लहान वस्तूंच्या विरुद्ध आहे असं समजू नका. नाशिकचे रमेश रास्कर अमेरिकेत एमआयटीत असताना २०१० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलच्या पडद्यावर बसवायचं एक चिमुकलं भिंग केलं. त्यातून बघत बटणं दाबली की चष्म्याचा नंबर कळतो. जिथे डोळ्यांच्या डॉक्टरचं भलंथोरलं यंत्र पोचत नाही, तिथे हे खिशातून जाऊ शकतं. लहान होऊन वस्तू गरिबाच्या घरात शिरत असेल, तर तिने जरूर लहान व्हावं. माझं भांडण लहान होण्याशी नाही, लपण्याशी आहे. आणि हे भांडण मी आणखी ताणून धरलं असतं, पण मधे बदलापूर आलं.

बदलापूरला माझा एक जुना सोबती राहतो. स्टोअरच्या खिडकीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो, अशी आमची बावीस वर्षं गेली. दोन वर्षांपासून त्याला माणसं आठवत नाहीत. मी गेलो की तो माझा हात हातात घेतो, तोंडभर हसतो आणि "काय, कसं काय चाललंय?" असं विचारतो. हे वाक्य त्याने फार हुशारीने निवडलेलं आहे, त्यात नाव लागत नाही. पण त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर इकडून तिकडे शोधत फिरत असतात, अंधारात स्विच शोधावा तसे. वहिनी दारात उभ्या राहून बघत असतात.

परवा पुतण्या मला तिथे सोडायला आला होता. वहिनींनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तो तुमचा चष्मा माणसाचं नाव सांगतो म्हणे?" तो म्हणाला, घरच्या आणि रोजच्या भेटीतल्या माणसांचे फोटो, त्यांना विचारून, आधी भरून ठेवले तर तसं करता येईल. माणूस समोर आला की काचेत नाव उमटेल. "आणि काकू, बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता बोला! सगळं तत्त्वज्ञान सांगून मोकळ्या झालेल्या माणसाला, त्याने माझं नाव घेतलेलं हवं की नको, असं त्या न बोलता विचारत होत्या. हवं. उघड सांगतो, हवं. दोन वर्षांत त्याच्या तोंडून ते ऐकलेलं नाही. चष्म्याने सांगितलेलं नाव घेतलं म्हणून तो खोटा ठरेल, असं मला वाटत नाही. काठी टेकत दारापर्यंत आलेल्या माणसाला 'तू कुठे चाललास, काठी चालली,' असं कोणी म्हणत नाही. पण ती काठी आपल्याला दिसते, म्हणून आपण चार पावलं पुढे होतो. दिसलीच नाही, तर त्याला बरं वाटतंय असं समजून मी दारातूनच हात हलवून निघून जाईन, आणि तो आत एकटा काचेतली नावं वाचत बसेल.

"करा," मी म्हणालो. "पण बाहेरच्या बाजूला एक दिवा ठेवा. तो नाव शोधत असेल तेव्हा लागला पाहिजे. तो मला शोधतोय, हे मला दिसू दे."

पुतण्याने मनात हिशेब केला.

"काका, दिवा ठेवला तर बॅटरी लवकर संपेल."

"संपू दे," मी म्हणालो. "तोपर्यंत आमची एकमेकांना हाक मारून होईल."